किती काळोख ठेवायचा

पौर्णिमेचं चांदणं म्हणजे ऊनच, फक्त त्याचा चार लाखावा हिस्सा. कॅमेऱ्याला या कमतरतेचं फारसं काही वाटत नाही. भर दुपारी एफ १६ आणि आयएसओ १०० वर सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. तेच दृश्य पौर्णिमेच्या रात्री एफ ४ आणि आयएसओ ८०० वर टिपायला तीसेक सेकंद लागतात. तिपाई पक्की असली की झालं. मग कॅमेऱ्याच्या पाठीवर जे उमटतं ते पाहून नवखा माणूस दचकतो. निळं आकाश, हिरवं गवत, तांबूस मुरूम, बाभळीची सावली. सगळा दिवसच. फक्त वर तारे.

या ‘दिवसा’वरून बार्शीतल्या एका मामा-भाचीचं चांगलंच वाजलं. मामांनी रोल फिल्मच्या काळापासून फोटो स्टुडिओ चालवला; आता मुलगा बसतो, मामा समोरच्या बाकावर बसून टीका करतात. भाची पुण्यात नोकरीला, सुट्टीत कॅमेरा घेऊन भटकणारी. कोजागरीच्या रात्री तिने पाथरीच्या तलावाचे फोटो काढले. हा तलाव इंग्रजी अमदानीतला, लांबलचक मातीच्या बांधाचा. आमच्याकडे भरवशाचा पाऊस म्हणजे परतीचा, सप्टेंबरातला. त्यामुळे तलावात पाणी आणि वर धुतलेलं आभाळ, हा योग जमला तर कोजागरीलाच जमतो. वैशाखातल्या पौर्णिमेला जाल तर पाण्याऐवजी तडकलेला गाळ आणि बेशरमीची झुडपं.

मी दोघांच्याही ओळखीचा. कुणाचीच बाजू घ्यायची नाही असं ठरवून बसलो होतो.

मामा: फोटो चांगलाय. दुपारी काढलास का?

भाची: रात्री साडेअकराला. वर बघा ना, तारे आहेत.

मामा: तारे दिसले म्हणून तर विचारलं. तारे पण आहेत आणि दुपार पण आहे. मी म्हणलं, खग्रास ग्रहण होतं की काय.

भाची: मामा, गवत रात्रीही हिरवंच असतं. अंधार पडला म्हणून ते हिरवं राहायचं थांबत नाही. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या. एवढ्या कमी उजेडात त्या काम सोडतात. मागे उरतात त्या पेशींना उजेड कळतो, रंग कळत नाही. कॅमेऱ्याला ही अडचण नाही. तो तीस सेकंद उजेड गोळा करत बसतो आणि जे आहे ते सांगतो.

मामा: म्हणजे माझा डोळा खोटा.

भाची: खोटा नाही. अपुरा.

मामा: बरं. आणि हा फोटो बघायचा कुणी? ह्याच अपुऱ्या डोळ्यांनी ना?

इथे भाची जरा थांबली. तिचं शास्त्र मात्र बरोबर होतं. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवून ठेवलंय: संध्याकाळ उतरू लागली की लाल रंग आधी काळा पडतो, निळा-हिरवा मागे रेंगाळतो. बागेतली जास्वंद काळवंडते, तिची पानं अजून उजळ दिसत असतात. चांदणं निळसर वाटतं तेही बरंचसं यामुळेच. मोजून पाहिलं तर चंद्रावरची माती लाल उजेड निळ्यापेक्षा थोडा जास्त परतवते, म्हणजे चांदणं उन्हापेक्षा किंचित तांबूसच भरतं. निळं चांदणं हे आपल्या डोळ्याचं, चित्रकारांचं आणि सिनेमावाल्यांचं देणं.

मामा: कोजागरीला आमची आजी दुधाचं पातेलं गच्चीवर ठेवायची आणि आम्हा पोरांना चांदण्यात सुई ओवायला लावायची. नजर तपासायला. सुई ओवली जायची, पण दोरा लाल का हिरवा, हे एकालाही सांगता यायचं नाही. चांदण्याचं माप तेवढंच. सुई दिसते, रंग दिसत नाही. मला फोटोत ते पाहिजे.

भाची: मग ब्लॅक अँड व्हाइट करू?

मामा: नको. काळोख पाहिजे, म्हणलं. दोन स्टॉप खाली आण, म्हणजे उजेड पाव कर.

भाची: सिनेमात करतात तसं? दुपारी बारा वाजता शूटिंग, लेन्सवर निळा फिल्टर, दोन स्टॉप खाली, आणि झाली चांदणी रात्र. तुमची पिढी ती गाणी बघत वाढली म्हणून तुम्हाला तीच रात्र खरी वाटते. त्यात सावल्या बघा कधी, दुपारच्याच असतात.

मामा: सावल्या दुपारच्या असतात ते मला ठाऊक आहे. पण बघणाऱ्याला रात्र वाटली का नाही? त्यांनी दिवसाची रात्र केली आणि लोकांनी मान्य केली. तू रात्रीचा दिवस केलास, आणि वर मलाच सांगतेस, मान्य करा, हेच खरंय.

भाची: खरं आहे म्हणूनच सांगते. तुमच्या स्टुडिओतला पडदा आठवतो ना? रंगवलेला तलाव, त्यात कमळं, वर वाटोळा चंद्र. गावातल्या निम्म्या लोकांनी त्या चंद्राखाली फोटो काढून घेतले, तेही डोळे दिपवणाऱ्या दिव्यांत. आणि लग्नाच्या अल्बमात तुम्ही नवरा-नवरीला चंद्रात बसवायचात.

मामा: गिऱ्हाईक मागायचं. त्याला आम्ही मिक्सिंग म्हणायचो, लई कौशल्याचं काम होतं, एन्लार्जरखाली कागदाचे मुखवटे कापून करायला लागायचं. पण एक सांग. चंद्रात बसलेलं जोडपं बघून आजवर कुणी विचारलं का, की हे वर कसे गेले? ती गंमत होती, आणि सगळ्यांना माहीत होती.

मामांच्या या वाक्यावर मला एडवर्ड स्टायकेन आठवला. १९०४ साली त्याने न्यूयॉर्कजवळच्या ममरोनेकला झाडांमागून उगवणारा चंद्र आणि समोर तळं असा फोटो काढला. तलावकाठच्या चांदण्याचा जगातला सर्वांत नावाजलेला फोटो बहुधा हाच. २००६ साली त्याची एक प्रत लिलावात २९ लाख डॉलरांवर गेली. तेव्हा बाजारात रंगीत फोटोची सोयीची पद्धत नव्हती, ऑटोक्रोमच्या काचा १९०७ साली आल्या. तरी या चित्रात निळा-हिरवा रंग आहे, कारण स्टायकेनने कागदावर गोंदाचे, उजेडाला संवेदनशील असे थर स्वतःच्या हाताने चढवले. एकाच निगेटिव्हच्या तीन प्रती ठाऊक आहेत आणि तिन्हींचं चांदणं वेगळं आहे. हे मी सांगितलं तर दोघांनाही वाटलं की मी आपली बाजू घेतली.

भाची: म्हणजे तोही रंगवायचाच.

मामा: म्हणजे तोही काळोख ठेवायचा!

आपल्याकडे कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या काठावर बसून जलरंगात हेच केलं. त्यांना कुणी विचारलं नाही की पाणी खरोखर त्या रंगाचं होतं का. चित्रकाराला ही सवलत असते. फोटोवाल्याकडून लोक पुरावा मागतात, आणि आमचं भांडण सगळं त्या मागणीतून उपजलेलं.

पुढे विषय पाण्यावर गेला. मला वाटतं खरा मुद्दा इथे होता, रंगाचा त्यामानाने वरवरचा.

मामा: पाण्यावर चांदणं कसं असतं? सारखं हलतं. एकेक लाट चमकून विझते. तुझ्या फोटोत पाणी म्हणजे साय धरलेलं दूध. एक लाट नाही त्यात.

भाची: तीस सेकंदांत हजार लाटा चमकून गेल्या, त्या सगळ्या त्या सायीत आहेत. एकही टाकलेली नाही.

मामा: सगळ्या आहेत म्हणजे एकही नाही.

भाची: तुमच्या फिल्मवर काय होत होतं मग? तुम्हाला तर याहून जास्त वेळ लागत असणार.

मामा: आगं, तीच तर गोष्ट. चांदण्यात ट्राय-एक्सला हिशेबाने मिनिटभर येतं, पण फिल्म हिशेब पाळत नाही. उजेड मंद असला की ती सुस्तावते. कोडॅकचा तक्ता असायचा: दहा सेकंद आले तर पन्नास द्या, शंभर आले तर बाराशे द्या. मिनिटाची दहा मिनिटं. छत्तीसचा रोल, पण रात्रीत चार-पाच फोटो झाले तर नशीब. आणि चंद्र फ्रेममध्ये घेतला तर त्याची गोल चकती कुठली, पांढरी लांबट पट्टी यायची.

(फिल्मच्या या सुस्तीचा हिशेब १९०० च्या सुमारास पहिल्यांदा नीट मांडला तो कार्ल श्वार्झशिल्डने, आज त्याचं नाव घेतलं जातं कृष्णविवरांसाठी. ताऱ्यांचे फोटो घेताना त्याला हीच अडचण आली होती.)

चंद्र चौकटीत घ्यायचा की नाही यावर मात्र दोघांचं एकमत होतं: रात्री घेऊ नये. कारण सरळ आहे. चंद्राची जमीन तशी काळपट, जुन्या डांबरी रस्त्याइतकी, येणाऱ्या उजेडातला आठवा हिस्साही ती परतवत नाही; पण तिथे भर दुपारचं ऊन पडलेलं असतं. चंद्र नीट यायला सेकंदाचा छोटासा अंश पुरतो, तलावाला तीस सेकंद लागतात. एकाच फोटोत दोन्ही धरायला गेलं की तलाव उमटेपर्यंत चंद्राच्या जागी पांढरं भोक पडतं, आणि तेवढ्यात तो आपल्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्याने सरकतोही. चंद्र हवाच असेल तर चतुर्दशीला जावं. त्या दिवशी तो मावळतीच्या आधी उगवतो, जमिनीवर अजून दिवसाचा उजेड असतो, आणि वीसेक मिनिटं दोघांची बरोबरी जुळते. अन्सेल अ‍ॅडम्सचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला प्रसिद्ध चंद्र, १ नोव्हेंबर १९४१ चा, असाच संध्याकाळचा आहे. चंद्रोदयाची वेळ बघायला आपल्या घरात भिंतीवर कालनिर्णय असतंच. संकष्टीचा उपास सोडणाऱ्यांना ती पाठ असते, फोटोवाल्यांनी तेवढी सवय लावून घ्यायला हरकत नाही.

अष्टमीला जाऊन भागत नाही. चंद्र अर्धा असला तरी उजेड अर्धा नसतो, जेमतेम दहावा हिस्सा असतो. आणि दत्तजयंतीच्या आसपासची पौर्णिमा दिसायला छान, पण बार्शीच्या अक्षांशावर तो चंद्र मध्यरात्री थेट डोक्यावर येतो. सावल्या पायाखाली जातात आणि तलाव सपाट दिसतो. त्या दिवसांत उगवल्यावर दोन तासांच्या आत काम उरकावं.

भाची: आणि काळ्या मातीत तिपाई ठेवू नका. दिसायला घट्ट, पण तीस सेकंदांत पाय रुततो. मी खाली फरशीचे तुकडे ठेवले.

मामा: हे शहाणपण कुणी शिकवलं?

भाची: तुम्हीच.

मामा खूश झाले, पण बाजू सोडली नाही. तेवढ्यात त्यांच्या नातवाने मोबाइलवर काढलेला चंद्राचा फोटो दाखवला. हातात धरून काढलेला, आणि त्यात खड्डे, डाग, सगळं स्वच्छ. भाचीने सांगितलं की २०२३ साली एका मोठ्या कंपनीच्या फोनवरून जगभर गदारोळ झाला होता. कुणीतरी चंद्राचा मुद्दाम अस्पष्ट केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला आणि त्या पडद्याचा फोनने फोटो काढला. मूळ चित्रात नव्हते ते खड्डे फोनने आपल्या शिकवणीतून भरून दिले.

मामा: म्हणजे आमचा पडदाच की! फक्त गिऱ्हाइकाला पडदा दिसत नाही.

भाची: हे तुमचं बरोबर आहे.

मामा: मग तुझं कसं चूक नाही? रात्रीचा दिवस झालाय हे बघणाऱ्याला तू कुठं सांगतेस?

भाची: खाली लिहीन. तीस सेकंद, एफ ४, पौर्णिमा.

मामा: ते तुझ्यासारख्यांना कळणार. माझ्या बायकोला कळणार नाही.

मग मामांनी विषय एकदम वाघावर नेला. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ २०२४ च्या डिसेंबरात येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात कॅमेरा ट्रॅपमध्ये सापडला आणि पुढे बार्शी तालुक्यातही वावरला, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे. मामांचं म्हणणं, रात्रीच्या फोटोत त्याहून खरा फोटो नाही. ना रंग, ना रचना. समोरून काहीतरी उबदार हललं म्हणून यंत्राने आपणहून काढलेला. भाचीचं म्हणणं, तोही डोळ्याने पाहिलेला नव्हेच, अशा यंत्रांत रात्री बहुधा अवरक्त दिवा असतो, तो माणसाला दिसतच नाही. मग मामांना तो कसा चालतो? मामा म्हणाले, कारण तो सुंदर दिसायचा प्रयत्न करत नाही. याला उत्तर नव्हतं. पण याने वाद सुटतही नव्हता, कारण भाचीला सुंदर फोटो काढायचा होता आणि त्यात गैर काही नाही.

तिने दुसरा फोटो दाखवला तेव्हा मात्र मला बाजू घ्यावीशी वाटली.

तोच तलाव, तोच कोन. पण बांधावरून एक पांढरी रेघ गेली होती, डावीकडून उजवीकडे, हेलकावे घेत. थ्री-फेज वीज रात्रीची असली की शेतकरी मोटार चालू करायला आणि दारं धरायला रात्रीच बाहेर पडतो. त्यातला कुणीतरी हातात बॅटरी घेऊन बांधावरून गेला होता. चालता माणूस तीस सेकंदांच्या फोटोत उमटत नाही, पुसला जातो. राहिली ती बॅटरीची रेघ, पावलागणिक एक हेलकावा, हवी तर पावलं मोजून घ्यावीत. मध्येच एका ठिकाणी उजेडाचा गोळा होता आणि त्यामागे अर्धवट, आरपार दिसणारी आकृती. तिथे तो थांबला असणार. कॅमेऱ्याकडे बघत असेल, नाहीतर विडी पेटवत असेल.

भाची: हा वाया गेला. म्हणून मग लगेच पहिला काढला, तो गेल्यावर. किंवा यातली रेघ पुसता येते, दोन मिनिटांचं काम.

मामा: पुसणार?

भाची: चांदण्याचा फोटो आहे, मामा. बॅटरी म्हणजे चांदणं नाही.

मामा: मघापासून काय सांगत होतीस? कॅमेरा जे आहे ते सांगतो. हजार लाटांमधली एक टाकली नाही. आणि एवढा सबंध माणूस टाकतेस?

भाची: माणूस कुठे आहे त्यात?

मामा: तेच म्हणतोय. तुझ्या कॅमेऱ्याने आधीच त्याला पुसलाय. राहिलंय ते तरी राहू दे.

भाची गप्प झाली, पण हरली म्हणून नव्हे. तिचा मुद्दा साधा होता आणि मला तो पटतही होता: चांदण्यात दिसणारं जग बॅटरी लागताच संपतं. अंधाराला सरावायला डोळ्याला अर्धा तास लागतो, मोडायला एक दिवा पुरतो. बांधावरचा तो माणूस स्वतः चांदणं बघतच नव्हता. त्याला पायाखालची घोणस बघायची होती. ज्याला रात्री तलावावर काम आहे त्याच्या वाट्याला चांदणं येत नाही, आणि ज्याच्या वाट्याला येतं त्याला तिथे काम नसतं. या फोटोत दोन्ही एकत्र आली होती आणि म्हणून माझ्या मते पहिल्यापेक्षा हाच ठेवण्यासारखा होता. मी तसं बोललो. भाचीने माझ्याकडे फितुराकडे बघावं तसं पाहिलं.

भाची: ठीक आहे, रेघ राहू दे. पण मग तुमचे दोन स्टॉप विसरा. रात्रीसारखा काळोख करायला आठ सेकंदांवर आले असते तर रेघ अर्धीही आली नसती. काळोख पण पाहिजे आणि सबंध माणूस पण पाहिजे, असं नाही जमत.

मामा: का नाही जमत? तीस सेकंद आहेतच, प्रिंट तेवढी काळी कर, जणू भिंग बारीक केलं होतंस. एफ ८.

भाची: बॅटरी पण मंद येईल.

मामा: येऊ दे की. बॅटरीचा उजेड असून असून किती असतो?

भाची: एफ ८ ला बांधाखालचं गवत गेलं, मामा. सगळं काळं. मला ते गवत हवंय. एफ ५.६ इतकंच करते. एक स्टॉप.

मामा: दोन.

भाची: एक. आणि प्रिंट मॅट कागदावर.

मामा: प्रिंटचे पैसे कोण देणार?

भाची: तुम्ही. दोन स्टॉप हवे असतील तर.